रुग्णालयात एआय आणताना कोणत्या क्रमानं चालायचं

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या पन्नास-शंभर खाटांच्या रुग्णालयांत एआय बहुतेक वेळा मागच्या दारानं येतं. कंपनीचा माणूस लॅपटॉप उघडतो, छातीचे चार एक्स-रे टाकतो, संशयाच्या जागी पडद्यावर लाल डाग उमटतात, डॉक्टर खूश होतात आणि ‘तीन महिने फुकट वापरून बघा’ यावर सही होते. करार, संमतीचा कागद, चुकलं तर जबाबदार कोण, थांबवायचं कोणी, हे सगळं ‘नंतर बघू’च्या खात्यात जातं. तीन महिने संपेपर्यंत ओपीडीची गाडी त्या लाल डागांवर चालायला लागलेली असते, मग कोणालाच ते बंद करायचं नसतं.

खालचे टप्पे मेडिकल, मेयो किंवा मिहानमधल्या एम्ससारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयांसाठी लिहिलेले नाहीत. तिथे नीतिसमिती असते, संगणक विभाग असतो. जिथे मालक-डॉक्टर, एक मॅनेजर, एक मेट्रन (मुख्य सिस्टर) आणि फोन केल्यावर येणारा कॉम्प्युटरवाला एवढीच मंडळी आहेत, त्यांच्यासाठी हे आहे. टप्पे मागेपुढे करू नका. बहुतेक ठिकाणी चौथा टप्पा आधी होतो आणि पाचवा होतच नाही.

## टप्पा १: घरात आधीच काय शिरलंय ते मोजा

नवीन काही घेण्याआधी एक साधी वही करा. विभागवार विचारा: कोणतं काम कोणत्या सॉफ्टवेअरला किंवा ॲपला सांगितलं जातं? उत्तरं ऐकून बसल्या जागी उडाल. डिजिटल एक्स-रे मशीनसोबत आलेला प्रोग्राम आधीच ‘ॲबनॉर्मल’चा शिक्का मारत असतो. ईसीजी मशीन तर कित्येक वर्षांपासून स्वतःच निदान छापतं. बिलिंगवाला टीपीएला (विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीला) पाठवायचं पत्र चॅटबॉटकडून लिहून घेतो. आणि नाइट ड्यूटीवरचा आरएमओ (निवासी डॉक्टर) स्वतःच्या मोबाइलवर रुग्णाचा रिपोर्ट चिकटवून ‘याचा अर्थ काय’ विचारतो.

सगळ्यात धोक्याचा हा शेवटचा प्रकार. कारण त्याचा कुठे कागदच नाही. रुग्णाचं नाव, वय, गाव, मोबाइल नंबर, एचआयव्हीचा रिपोर्ट, सगळं बाहेरच्या सर्व्हरवर जातं आणि रुग्णालयाला पत्ताही नसतो.

वही भरून घेताना कोणाला झापू नका. ‘आठवडाभरात जे सांगाल ते माफ, त्यानंतर जे सापडेल त्याचं उत्तर द्यावं लागेल’ असं मेट्रननी एकदा स्पष्ट सांगितलं की खरी यादी बाहेर येते.

सावधान: एक्स-रेचा फोटो पाठवताना नाव झाकलं म्हणजे ओळख गेली असं नाही. फिल्मच्या कोपऱ्यात नोंदणी क्रमांक आणि तारीख छापलेली असते, आणि मूळ डिजिटल फाइलच्या पोटात नाव वेगळं साठवलेलं असतं. ते पडद्यावर दिसत नाही, फाइलबरोबर जातं.

## टप्पा २: काम एका वाक्यात लिहा

‘आम्हाला एआय हवंय’ हे काम झालं नाही. वाक्य असं हवं: ‘पंधरा वर्षांवरच्या ओपीडी रुग्णाचा छातीचा एक्स-रे प्रोग्राम बघेल, टीबीचा संशय वाटल्यास तो रेडिओलॉजिस्टच्या यादीत वर टाकेल, आणि अंतिम रिपोर्ट रेडिओलॉजिस्टच देईल.’ या वाक्यात रुग्ण कोण, प्रोग्राम काय करणार आणि शेवटची सही कोणाची, हे तिन्ही आलं.

त्याखाली दुसरं वाक्य: प्रोग्राम काय करणार नाही. हे वाक्य लोक गाळतात आणि तिथेच अडकतात. रेडिओलॉजिस्ट गावाला गेला की ‘आजच्या दिवस मशीनचाच रिपोर्ट देऊन टाकू’ सुरू होतं. लिहून ठेवलेलं असेल तर टेक्निशियनला नाही म्हणता येतं.

ऑनलाइन सल्ल्याचं काम असेल तर इथे पर्याय नाही. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार एआयवर चालणाऱ्या मंचाला रुग्णाला सल्ला देता येत नाही आणि औषधही लिहून देता येत नाही. ते काम नोंदणीकृत डॉक्टरचंच. प्रोग्राम डॉक्टरला मदत करू शकतो, तेवढंच.

सोनोग्राफीचं सॉफ्टवेअर असेल तर गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा पीसीपीएनडीटी कायदा डोळ्यांसमोर ठेवा. गर्भाचं लिंग दाखवणारी किंवा सुचवणारी कोणतीही सोय त्यात असता कामा नये, ‘बंद करून ठेवलीय’ हेही चालवून घेऊ नका.

## टप्पा ३: थांबवायचा अधिकार कोणाला, ते आधी ठरवा

समिती लहान ठेवा. एक डॉक्टर, एक सिस्टर, एक प्रशासनातला माणूस, आणि तो विभाग चालवणारा टेक्निशियन. टेक्निशियनला वगळू नका. मशीन कधी नाटकं करतं ते त्यालाच सगळ्यात आधी कळतं.

समितीपेक्षा महत्त्वाची दोन नावं. पहिलं, या प्रोग्रामचा मालक: ज्याच्याकडे तक्रार जाईल, जो वही ठेवेल. दुसरं, रात्री दोन वाजता प्रोग्राम बंद करू शकणारा माणूस. हा बहुधा ड्यूटीवरचा आरएमओ असतो. त्याला कोणाची परवानगी न घेता बंद करता आलं पाहिजे, आणि बंद केल्याबद्दल सकाळी त्याची उलटतपासणी होता कामा नये. ‘सरांना विचारून सांगतो’ या वाक्यात पाऊण तास जातो.

तपासा: नाइटच्या कोणत्याही दोन माणसांना वेगवेगळं गाठून विचारा, ‘हे बंद कोण करतं आणि कसं?’ दोन्ही उत्तरं सारखी आली तरच पुढे चला.

## टप्पा ४: कंपनीचे कागद

इथे फार वेळ घालवू नका, पण चार गोष्टी हातात आल्याशिवाय डेमोपलीकडे जाऊ नका.

परवाना. निदानासाठी किंवा उपचारासाठी वापरायचं सॉफ्टवेअर हे आपल्याकडे वैद्यकीय उपकरणात मोडतं. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ नुसार जोखमीप्रमाणे अ ते ड असे वर्ग आहेत. भारतात बनवलेल्या अ-ब वर्गासाठी एमडी-५, क-ड साठी एमडी-९, आणि परदेशातून आणलेल्यासाठी एमडी-१५ परवाना असतो. क आणि ड वर्गालाही १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना बंधनकारक झाला. ‘युरोपचं प्रमाणपत्र आहे, अमेरिकेचं आहे’ हे ऐकून घ्या आणि तरीही आपला कागद मागा.

वापराचा हेतू. परवान्यात आणि माहितीपत्रकात प्रोग्राम कशासाठी, कोणासाठी ते लिहिलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये टीबीच्या तपासणीसाठी एक्स-रे वाचणाऱ्या संगणकीय प्रोग्रामची शिफारस केली, ती १५ वर्षं आणि त्यावरच्यांसाठी. आपल्या बालरुग्ण ओपीडीतला सात वर्षांचा मुलगा त्यात बसत नाही. प्रोग्राम त्याचाही एक्स-रे मुकाट्यानं वाचतो आणि संशयाचे गुण देतो, ही खरी अडचण.

करार. माहिती कोणत्या सर्व्हरवर राहणार, कंपनी ती स्वतःचा प्रोग्राम शिकवायला वापरणार का, नवीन आवृत्ती टाकण्याआधी किती दिवस कळवणार, करार संपल्यावर काय पुसणार. ‘सेवा सुधारण्यासाठी माहिती वापरू’ असं बारीक अक्षरातलं वाक्य दिसलं की त्याचा अर्थ तुमच्या रुग्णांच्या फाइलींवर पुढचं मॉडेल तयार होणार, असाच धरा. ते वाक्य काढून घ्या.

वैयक्तिक माहितीचा कायदा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू होतात. ‘अजून वेळ आहे’ असं म्हणत करार जुन्याच साच्यात करणारे पुढे तोच करार पुन्हा लिहीत बसतील. माहिती जपण्यात कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो, आणि माहिती कंपनीच्या सर्व्हरवरून फुटली तरी कायद्यापुढे उत्तर रुग्णालयालाच द्यावं लागतं. माहिती फुटल्यास डेटा संरक्षण मंडळाला ताबडतोब कळवून ७२ तासांत तपशील द्यायचा, तर सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत नोंदवायची. त्यामुळे कंपनीनं तुम्हाला किती तासांत कळवायचं ते करारात लिहा. दोन-तीन तासांपेक्षा जास्त दिलेत तर तुमचे सहा तास त्यांच्याच हातात गेले.

## टप्पा ५: आपल्या रुग्णांवर तपासून बघा

या टप्प्याला आळस केला तर बाकी सगळं पाण्यात. कंपनीचे ‘अचूकता अमुक टक्के’ हे आकडे खोटे नसतीलही, ते दुसऱ्या कोणाच्या छातीवरचे असतात.

नागपूरच्या रुग्णालयात येतो कोण? उमरेड, कामठी, चंद्रपूरच्या कोळसा खाणींत आयुष्य काढलेला माणूस. त्याच्या फुप्फुसात धुळीचे डाग असतात. लहानपणी टीबी होऊन बरी झालेली गोंदियाची बाई, जुना व्रण तसाच. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा गडचिरोलीचा तरुण, ज्याच्या छातीतला त्रास एक्स-रेवर न्यूमोनियासारखा दिसतो. पोर्टेबल मशीननं खाटेवर काढलेला, अर्धा तिरका फोटो. हे चारही प्रकार तुमच्या चाचणीत मुद्दाम असले पाहिजेत. सोपे, स्वच्छ एक्स-रे निवडून चाचणी घेणं म्हणजे पेपर फोडून परीक्षा घेण्यासारखं.

पद्धत अशी. जुन्या फाइलींतून ज्यांचं उत्तर पक्कं माहीत आहे असेच रुग्ण काढा. टीबीसाठी पक्कं म्हणजे थुंकीत टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी. नुसतं कोणाचं मत नाही. नावं काढून क्रमांक द्या. प्रोग्रामकडून वाचून घ्या. मग त्यानं पकडलेले आणि सोडलेले, दोन्ही बघा. फक्त लाल डागवाले तपासायचे आणि ‘नॉर्मल’ म्हटलेले बाजूला ठेवायचे, ही नेहमीची चूक. जिवावर बेततं ते त्या बाजूला ठेवलेल्या गठ्ठ्यात.

किती फाइली लागतील? एक ढोबळ हिशोब लक्षात ठेवा. खरोखर आजारी असलेले ३० रुग्ण दाखवले आणि एकही सुटला नाही, तरी खरं सुटण्याचं प्रमाण १० टक्क्यांपर्यंत असू शकतं. १०० दाखवले आणि एकही सुटला नाही तर ते ३ टक्क्यांपर्यंत खाली येतं. (३ ला रुग्णसंख्येनं भागायचं, एवढंच.) त्यामुळे ‘आम्ही वीस एक्स-रे टाकून बघितले, सगळे बरोबर’ याला काही अर्थ नाही.

आता दुसरा हिशोब, जो शिबिरं घेणाऱ्यांनी नीट बघावा. समजा प्रोग्राम १०० आजाऱ्यांतले ९० पकडतो आणि १०० निरोग्यांतल्या ९० जणांना बरोबर नॉर्मल म्हणतो. गावच्या शिबिरात हजार माणसं आली, त्यांत १० जणांना आजार आहे. प्रोग्राम ९ पकडेल, १ सोडेल, आणि ९९ निरोग्यांना संशयित ठरवेल. म्हणजे १०८ जणांना बोलवायचं आणि त्यांतले खरे ९. तोच प्रोग्राम छातीच्या ओपीडीत, जिथे हजारांत २०० आजारी आहेत, तिथे १८० खरे आणि ८० खोटे देईल. प्रोग्राम तोच, फरक माणसांत. ओपीडीतल्या यशावर शिबिराचं कंत्राट घेतलं की पुढच्या तपासण्यांचा खर्च आणि घाबरलेली १०८ घरं तुमच्या माथी.

कट-ऑफही इथेच ठरतो. असे प्रोग्राम बहुधा गुण देतात आणि किती गुणांवर ‘संशयित’ म्हणायचं ते बदलता येतं. कंपनीनं लावून दिलेला आकडा तसाच ठेवू नका. किती सुटलेले परवडतील आणि किती खोटे इशारे झेपतील, हे डॉक्टरांनी ठरवून, तारीख टाकून, सही करून लिहायचं.

एक्स-रेऐवजी मधुमेहाचा धोका सांगणारा प्रोग्राम घेत असाल तर विदर्भात एक खाचखळगा ठरलेला आहे. असे काही प्रोग्राम एचबीए१सीवर, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या तपासणीवर, विसंबतात. सिकलसेलच्या रुग्णात लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे हा आकडा खऱ्या साखरेपेक्षा कमी दिसू शकतो. प्रोग्राम ‘धोका कमी’ म्हणेल आणि त्याची काही चूकही नसेल; त्याला सिकलसेलचा रकानाच दिलेला नसतो.

तपासा: निकाल एकत्र नको. बायका-पुरुष, वय, खाणकामगार, जुना टीबी, पोर्टेबल फिल्म असे वेगळे मांडा. एकूण आकडा चांगला आणि एका गटाचा वाईट, असं निघालं तर त्या गटासाठी प्रोग्राम वापरायचा नाही, असं टप्पा दोनच्या ‘करणार नाही’ वाक्यात घाला.

### मजकूर लिहिणाऱ्या प्रोग्रामसाठी वेगळी चाचणी

डिस्चार्ज कार्ड तयार करणाऱ्या एआयला एक्स-रेची मोजपट्टी चालत नाही. त्याची भाषा इतकी गुळगुळीत असते की चूक वाचताना डोळ्यांत खुपत नाही. दहा कार्डं छापून घ्या. प्रत्येक कार्डावरच्या प्रत्येक वाक्याखाली पेननं रेघ मारून ते केस पेपरवर कुठे आहे ते शोधा. जे सापडत नाही ते प्रोग्रामनं मनानं घातलेलं. विशेष बघायचं ते: ‘दमा नाही’ मधलं ‘नाही’ टिकलं का, ॲलर्जी आली का, डावं-उजवं बरोबर आहे का, अर्धी गोळी अर्धीच राहिली का, आणि १-०-१ चं मराठीत लिहिताना सकाळ-रात्र तसंच आलं का. एका कार्डाला पाऊण तास लागला तरी हरकत नाही.

## टप्पा ६: मुकी चाचणी

आता प्रोग्राम चालू करायचा, पण त्याचं उत्तर कोणाला दाखवायचं नाही. चार ते सहा आठवडे तो मागे चालेल, डॉक्टर नेहमीसारखे रिपोर्ट देतील, आणि आठवड्याच्या शेवटी दोन्ही जुळवून बघायचे. जिथे मतभेद, तिथे तिसऱ्या डॉक्टरचं मत.

यात प्रोग्रामपेक्षा रुग्णालयाचं जास्त कळतं. इंटरनेट किती वेळा गेलं, उत्तर यायला किती वेळ लागला, चुकीच्या रुग्णाच्या नावावर निकाल गेला का. मे महिन्यातल्या वादळात वीज गेल्यावर काय होतं ते कळावं म्हणून ही चाचणी उन्हाळ्यात पडली तर उत्तमच.

सावधान: मुकी चाचणी आहे म्हणून करार आणि माहितीची काळजी सुटत नाही. रुग्णाची फाइल बाहेर जातेच आहे.

## टप्पा ७: रुग्णाला सांगणं

दाखल होतानाच्या दहा पानी संमतीपत्रात एक ओळ घुसवली की झालं, असं समजू नका. साध्या बोलीत सांगा. काउंटरवरच्या सिस्टरला ही चार वाक्यं पाठ असावीत:

‘बाबा, तुमच्या छातीचा फोटो आधी कॉम्प्युटरमधला प्रोग्राम बघते. मग डॉक्टर स्वतः बघतात. ठरवणार डॉक्टरच. प्रोग्राम नको असेल तर सांगा, फोटो तसाच निघेल आणि पैसेही तेवढेच लागतील.’

लेखी सूचना मराठी आणि हिंदीत ठेवा. छिंदवाडा, बालाघाट, शिवनीकडचा रुग्ण आपल्याकडे रोजच असतो. नव्या डेटा संरक्षण कायद्यानुसार सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय द्यावी लागते. गोंडी त्या यादीत नाही. म्हणून गोंडी बोलणाऱ्या रुग्णाला कागद देऊन सुटका नाही. वॉर्डातले गोंडी जाणणारे मामा किंवा मावशी हेरून त्यांना वरची चार वाक्यं नीट शिकवा आणि समजावलं कोणी ते नाव केस पेपरवर लिहा.

उपचारासाठी वापर आणि कंपनीला प्रोग्राम शिकवायला माहिती देणं, या दोन संमती वेगळ्या. एकाच सहीत उरकू नका. लहान मुलांची माहिती दुसऱ्या कामासाठी देऊच नका, असं माझं सरळ मत आहे.

## टप्पा ८: सुरू करताना

एका विभागात, एका पाळीत सुरू करा. आणि एक नियम कडक ठेवा: आधी डॉक्टरनी बघायचं, मत नोंदवायचं, मग प्रोग्रामचं उत्तर उघडायचं. उलटं केलं की डोळा लाल डागाकडेच जातो आणि बाकीचं फुप्फुस बघायचं राहतं. थकलेल्या, नवख्या डॉक्टरच्या बाबतीत तर हमखास. टप्पा दोनमध्ये रांग लावण्याचं काम लिहिलं असेल तरी हाच नियम: यादीत वर का आला ते कळेल, डाग कुठे आहे ते नंतर.

डॉक्टरनी प्रोग्रामचं ऐकलं नाही तर कारण एका ओळीत लिहायचं. ऐकून मत बदललं तर तेही. प्रोग्रामची आवृत्ती, गुण आणि वेळ केस पेपरला जोडा. वैद्यकीय नोंदी किमान तीन वर्षं ठेवायच्या आणि रुग्णानं मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या, हा नियम २००२ पासूनचा आहे. प्रोग्रामचं उत्तर त्या नोंदीचाच भाग धरा. उद्या ग्राहक आयोगात प्रश्न आला तर ‘मशीननं काय सांगितलं होतं?’ याला उत्तर लागेल.

## टप्पा ९: नजर ठेवणं आणि बंद करणं

महिन्याला एकदा, अर्धा तास: किती सुटले, किती खोटे इशारे, डॉक्टरनी किती वेळा धुडकावलं. धुडकावणं शून्यावर आलं तर खूश होऊ नका. बहुधा लोकांनी बघणं सोडलेलं असतं.

नवी आवृत्ती आली की टप्पा पाचमधली जुनी फाइलींची गठडी पुन्हा चालवा. आवृत्ती बदलली की त्याच एक्स-रेला वेगळे गुण मिळतात आणि जुना कट-ऑफ निकामी होऊ शकतो. एक्स-रे मशीन बदललं तरी हेच.

कधी थांबवायचं ते आधीच लिहून ठेवा: चुकीच्या रुग्णाला निकाल जोडला गेला, ठरलेल्यापेक्षा जास्त रुग्ण सुटले, कंपनीनं न सांगता आवृत्ती बदलली, यांपैकी एकही झालं की बंद. आणि तीन महिन्यांतून एक दिवस मुद्दाम प्रोग्रामशिवाय ओपीडी चालवा, म्हणजे टेक्निशियन आणि डॉक्टरांचा हात बसलेला राहील.

कायमचं बंद करताना कंपनीकडून तीन गोष्टी लेखी घ्या: तुमच्या नोंदी वाचता येतील अशा स्वरूपात परत मिळाल्या, त्यांच्या सर्व्हरवरून आणि बॅकअपमधून पुसल्या गेल्या, आणि सगळे लॉगिन बंद झाले. शेवटचा हप्ता हे कागद हातात आल्यावर द्या.